पुन्हा सायकलीवर बसणाऱ्यांसाठी सोप्या वाटा

आमच्या सीमाभागास सायकल नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली झाला तो बेळगावातील सायकलींच्या दुकानानेच. लक्ष्मणराव मुंबईस शिक्षक होते. तेथून ते सायकली धाडीत, आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या येथे विकीत व गिऱ्हाइकांस बसावयासही शिकवीत. पुढे मोटारसायकली आल्या व घरोघरच्या सायकली गोठ्याच्या भिंतीस टेकल्या. आता मात्र उलट प्रकार दृष्टीस पडतो. पुण्यास किंवा आखातात नोकरीस असलेला मुलगा जाड टायरांची गिअरची सायकल घरी आणून ठेवतो, डॉक्टर रक्तातील साखरेची भीती घालतात, आणि वीस वर्षे पेडलला पाय न लावलेले वडील एके सकाळी निघतात.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ असेच निघाले. तरुणपणी रोज सायकलीने कारखान्यात जाणारा हा मनुष्य पहिल्याच दिवशी निपाणीहून तवंदी घाट चढू लागला. अर्ध्यावर छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका ट्रकवाल्याने त्यांस सायकलीसह निपाणीस आणून सोडले. तपासणीत हृदय शाबूत निघाले, ही देवाची कृपा. परंतु पत्नीने सायकलीस कुलूप घातले व किल्ली तांदळाच्या डब्यात टाकली. वाद आमच्यापर्यंत आला. आमच्या मते दोघांचेही बरोबर होते. त्यांस व्यायाम हवाच होता आणि तिचे भयही खरे होते. चूक होती ती वाटेच्या निवडीत.

सोपी वाट म्हणजे जवळची वाट नव्हे. ती चढाची किती, पायाखालची माती कोणती, आणि दमल्यावर परत फिरता येते की नाही, हे आधी पाहावे. सह्याद्रीपासून पूर्वेकडे जावे तसतसा पाऊस झपाट्याने कमी होतो. खानापूरकडे तांबडी माती व रान, तर चिकोडी, रायबागकडे उघडा, कोरडा माळ. ह्या माळावरील मुरमाच्या गाडीवाटा परतणाऱ्यास सर्वांत चांगल्या, कारण पाणी निचरून जाते व चाक घट्ट जमिनीवर चालते. मात्र उतारावर सुटी खडी असेल तेथे पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, चाक घसरते. काळ्या मातीची वाट उन्हाळ्यात गुळगुळीत असली तरी एक सर पडताच चिखल चाकात असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. येळ्ळूरच्या भातशिवारातील सपाट वाटा ह्याच कारणास्तव सुगीनंतरच धराव्यात, आणि तेथून समोर दिसणाऱ्या राजहंसगडाच्या मोहात निदान पहिले दोन महिने पडू नये.

निपाणीकरांस वेदगंगेच्या काठची गावे जवळ आहेत. नदीकाठची वाट सहसा मोठा चढ दाखवीत नाही. परंतु जत्राट-भिवशीसारखे पूल पुरात पाण्याखाली जातात, तेव्हा पावसाळ्यात तिकडे जाऊच नये. कालव्याच्या कडेचे रस्तेही सौम्य असतात. पाणी आपोआप वाहावे म्हणून कालव्यास अगदी थोडा उतार देतात, व तोच लाभ सायकलस्वारास मिळतो. तेथे कठडा नसतो, एवढे ध्यानात असावे. गळीत हंगामात उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर डांबरी रस्त्यांवर असतात, आणि पुणे-बंगळूर महामार्ग तर सायकलीची जागाच नव्हे.

पहिल्या आठवड्यात किलोमीटर मोजू नयेत, वेळ मोजावी. वीस मिनिटे जावे, वीस मिनिटे यावे. जाताना वारा तोंडावर घ्यावा, म्हणजे थकलेल्या अंगास परतताना तो पाठीवर मिळतो. चढावर पुढची लहान व मागची मोठी चकती लावून पाय हलके फिरवावेत. आमची कसोटी साधी आहे: ‘नमो मरिया’ची प्रार्थना धाप न लागता मोठ्याने म्हणता आली तर वेग योग्य, मध्येच श्वास तुटला तर उतरावे व सायकल ढकलावी. ढकलण्यात कसली आली लाज! इटलीचा धर्मनिष्ठ सायकलपटू जिनो बार्ताली ह्याने १९३८ साली फ्रान्सची महाशर्यत जिंकली व पुन्हा जिंकली ती १९४८ साली. मध्ये महायुद्ध आले. दहा वर्षांचा खंड त्यासही पडला होता, व तो तर जन्माचा शर्यतपटू. त्याच देशात गिसाल्लो येथील मरियामातेस पोप बारावे पायस ह्यांनी १९४९ साली सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले.

त्या गृहस्थांची किल्ली अखेर डब्यातून निघाली, ती अटींवर. डॉक्टरांची संमती आधी. वाट पत्नी ठरविणार. फोन खिशात, पाणी सोबत, आणि ऊन चढण्यापूर्वी घरी. तिने नदीकाठ निवडला. दुसऱ्या महिन्यात ती स्वतः मुलीची जुनी सायकल घेऊन मागून जाऊ लागली, असे ऐकतो.

एक सूचना राहिली. माळावरील सराट्याचे व बाभळीचे काटे जाड टायरातूनही आत शिरतात. जादा ट्यूब व हातपंप घेतल्यावाचून गावाबाहेर पडू नये, आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून काटा उपटून टाकावा, नाहीतर नवी ट्यूबही पुढच्या फर्लांगावर बसते.