एसटी, कचरा अन् सांडपाणी : प्रत्येक अर्ज जिल्हा परिषदेकडे नेऊ नका! कोणतं काम कुणाचं, समजून घ्या

बुलढाणा : गावात एसटी येणं बंद झालं, नाली तुंबली, नाल्याला घाण पाणी आलं, की पारावर एकच गोष्ट ठरते : "जिल्हा परिषदेला अर्ज देऊ." अर्ज जातो, शिक्का मारून मिळतो आणि पुढं महिनोन्‌महिने काहीच होत नाही. याचं कारण दरवेळी साहेबांची टाळाटाळ असतं असं नाही. पुष्कळदा अर्जच चुकीच्या दारात गेलेला असतो. तोवर मुलींची शाळा बुडते आणि नाल्याचं पाणी विहिरीपर्यंत पोचतं.

जिल्हा परिषद नेमकी कुठवर?

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा 1961 च्या कायद्याने 1 मे 1962 पासून सुरू झाल्या. शिक्षण, आरोग्य, कृषी, बांधकाम, पशुसंवर्धन, समाजकल्याण, महिला व बालकल्याण, पाणीपुरवठा अशी कामं तिच्या समित्यांकडे असतात. या समित्यांत परिवहन समिती नाही. म्हणजे एसटीचं वेळापत्रक जिल्हा परिषदेच्या हातात नाही.

दुसरं म्हणजे जिल्हा परिषद फक्त ग्रामीण भागाची. आपल्या 13 तालुक्यांच्या गावी 11 नगर परिषदा आहेत, तर मोताळा आणि संग्रामपूरला नगर पंचायत आहे. शहरातला कचरा आणि सांडपाणी ही त्यांची जबाबदारी.

जिल्हा परिषद सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. पण प्रशासक असो की सदस्य, कामाची वाटणी तीच राहते. म्हणून ती माहीत असलेली बरी.

एसटी : आधी आगार, पण रस्ताही बघा

एसटी हे स्वतंत्र महामंडळ आहे. जिल्ह्यात बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, शेगाव आणि जळगाव जामोद अशी सात आगारं आहेत. फेरी सुरू करायची, बंद करायची किंवा वेळ बदलायची, तर पहिला अर्ज आगार व्यवस्थापकाकडे जातो. तिथं दाद मिळाली नाही, तर बुलढाण्याला विभाग नियंत्रकांकडे.

नुसतं "गाडी सुरू करा" लिहून भागत नाही. आगार तीन गोष्टी बघतं : गाडी आणि चालक-वाहक शिल्लक आहेत का, प्रवासी किती मिळतील आणि रस्ता गाडी जाण्याजोगा आहे का. म्हणून अर्जासोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. शाळेचं पत्रही जोडा. त्यात किती मुलं-मुली रोज येतात आणि शाळा किती वाजता भरते-सुटते, हे स्पष्ट असावं. सकाळी गाडी आहे पण संध्याकाळी नाही, अशी अडचण असेल तर तीच ठळक लिहा. परतीची सोय नसली, की घरचे आधी मुलीची शाळा थांबवतात.

सवलतींचाही उल्लेख करा. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. या सवलतींची भरपाई शासन महामंडळाला देतं. म्हणून पासवाल्या मुलींचा आकडाही अर्जात घाला, तेही प्रवासीच आहेत.

रस्ता खराब म्हणून गाडी बंद झाली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. तेव्हा आगाराकडून "रस्त्यामुळे फेरी बंद" असं लेखी घ्या आणि ते पत्र लावून रस्त्याचा अर्ज करा. नाहीतर आगार रस्त्याकडे बोट दाखवतं, बांधकामवाले निधीकडे आणि गाव मध्येच राहतं.

कचरा : पैसा येतो, रोजचा खर्च गावाचा

गावातला कचरा आणि नाल्या ही ग्रामपंचायतीची जबाबदारी. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा पाणी व स्वच्छता कक्ष आराखडा, मंजुरी आणि देखरेख बघतो.

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे 2020-21 पासून, 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत निधी ठरला. 2000 वस्तीच्या गावाचा हिशोब केला, तर कचऱ्याला 1 लाख 20 हजार आणि सांडपाण्याला 5 लाख 60 हजार होतात. यातला 70 टक्के वाटा मिशनचा आणि 30 टक्के 15 व्या वित्त आयोगाचा.

पण हा पैसा खड्डे, शेड, गाडी अशा उभारणीसाठी आहे. रोज कचरा उचलणाऱ्याची मजुरी आणि गाडीचं डिझेल ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातून, म्हणजे आपल्याच घरपट्टीतून निघतं. घरपट्टी थकली, की शेड उभं राहतं आणि कचरा उकिरड्यावरच पडतो.

शेतकऱ्याला यात फायदाही आहे. ओला कचरा वेगळा दिला, तर नाडेप टाक्यात चांगलं खत होतं. ही पद्धत यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी घालून दिली. 'नाडेप' हे त्यांच्याच नावावरून. फवारणीच्या रिकाम्या बाटल्या मात्र कचऱ्यात, नाल्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका आणि जाळूही नका.

पाण्याला हद्द कळत नाही

पैनगंगा घाटावर उगम पावते आणि मेहकरवरून पुढं जाते. वरच्या गावानं नाल्यात सोडलेली घाण खालच्या गावाच्या पाण्यात येते. कारखान्याचं रसायन किंवा सांडपाणी नदी-नाल्यात येत असेल, तर 1974 च्या जल प्रदूषण कायद्यानुसार तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची. आपल्या जिल्ह्यासाठी उपप्रादेशिक कार्यालय अकोल्याला आहे.

लोणार सरोवरावरून हे नीट समजतं. सरोवर अभयारण्यात, म्हणजे वन विभागाकडे. काठावरची जुनी मंदिरं पुरातत्त्वकडे. शहराचं सांडपाणी नगर परिषदेकडे. 2020 मध्ये सरोवराला रामसर पाणथळाचा जागतिक दर्जा मिळाला. तरी शहराचं सांडपाणी सरोवरात जाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं राहिला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. जगप्रसिद्ध सरोवराची ही गत, तर आपल्या गावच्या नाल्याकडे आपणहून कोण बघणार?

थोडक्यात लक्षात ठेवा

- एसटी फेरी : आगार व्यवस्थापक, मग विभाग नियंत्रक, बुलढाणा
- गावरस्ता : जिल्हा परिषद बांधकाम विभाग
- कचरा, नाली : ग्रामपंचायत, मग गटविकास अधिकारी
- शहरातली घाण : नगर परिषद किंवा नगर पंचायत
- कारखान्याचं सांडपाणी : प्रदूषण नियंत्रण मंडळ, अकोला

अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. उत्तर आलं नाही, तर 10 रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात "माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली?" एवढंच विचारा. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. माहितीचा हा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तरी त्यांनी तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. पुढच्या ग्रामसभेत कचरा आणि सांडपाण्याच्या निधीचा हिशोब मागा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.