घोड्याला जंताचे औषध द्या, पण वजन काढून

सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने घोडी आणायची आणि बैलाचे जंताचे औषध तिला अंदाजाने पाजायचे, असे कळवण भागात मी पाहिले आहे. हा अंदाज महागात पडतो. डोस अपुरा पडला की जंत औषधाला सरावतात आणि पुढे ते औषध लागू पडत नाही.

आधी वजन काढा. पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५० व लांबी १३० भरली, तर वजन सुमारे २४६ किलो.

दर दोन महिन्यांनी डोळे झाकून औषध देऊ नका. ताजी लीद पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, मग डॉक्टर सांगतील ते औषध द्या. १४ दिवसांनी पुन्हा तपासा. अंडी घटली नसतील, तर औषध बदलावे लागेल.

गुरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन घोड्याला टोचू नका. पोट सुटलेल्या शिंगराला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच पाजू नका. जंत एकदम मेले, तर आतडे तुंबून शिंगरू दगावते.

चराईतली लीद आठवड्यातून दोनदा उचलून उकिरड्यात टाका. एवढ्यानेही जंत पुष्कळ आटोक्यात राहतात.