घरचा संगणक अद्ययावत करताना

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव वा केज येथील अनेक घरांत एका कोपऱ्यात कापडाने झाकलेला संगणक असतो. मुलांच्या एमएस-सीआयटीसाठी तो कधीकाळी घेतलेला असतो. मुले शिक्षणासाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला गेली की तो महिनोन् महिने बंद राहतो. पुढे सातबारा पाहावयाचा असतो, पीकविम्याचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असतो, तेव्हा त्याची आठवण होते. घरातील लग्नकार्यांची छायाचित्रे, दिवंगत वडीलधाऱ्यांचे फोटो आणि शेतीचा हिशेब बहुधा त्याच एका यंत्रात असतो. असा संगणक पुन्हा सुरू करताना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

संगणकाच्या प्रणालीत काही उणिवा राहून गेलेल्या असतात. त्या लक्षात आल्या की तयार करणारी कंपनी दुरुस्ती पाठविते. तिलाच आपण सुरक्षा अपडेट म्हणतो. मायक्रोसॉफ्ट कंपनी ही अपडेट्स साधारणपणे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. दुरुस्ती जाहीर होताच उणीव कोठे होती हेही जगाला कळते. म्हणून ज्याने दुरुस्ती बसविली नाही, त्याचा धोका त्या दिवसापासून वाढतो.

याचा दाखला आपल्याच राज्यात मिळतो. विंडोजमधील एका गंभीर उणिवेवरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी उपलब्ध झाली होती. तरीही १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने त्याच उणिवेतून शिरून सुमारे दीडशे देशांतील संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या. त्यानंतर २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' आला. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे कामकाज त्यामुळे ठप्प झाले. जाळ्यातील एका यंत्रातून दुसऱ्यात पसरण्यासाठी त्याने जे मार्ग वापरले, त्यांत मार्चमध्ये बुजविता आली असती अशी हीच फटही होती. दुरुस्ती हाताशी असूनही ती बसविलेली नसणे किती महाग पडते, हे यावरून दिसते.

तथापि, जुना संगणक काढला, इंटरनेट जोडले आणि अपडेटचे बटण दाबले, एवढ्याने काम भागत नाही. येथे क्रमाला महत्त्व आहे.

प्रथम, इंटरनेट न जोडता संगणक सुरू करावा. आपली कागदपत्रे व छायाचित्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. त्यांतील दोन-चार फायली उघडून पाहाव्यात आणि मग ते साधन काढून बाजूला ठेवावे. जोडून ठेवलेली प्रत विषाणूच्या तावडीतून सुटत नाही. फोटो स्टुडिओत किंवा झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेन ड्राइव्ह या कामी वापरू नये.

दुसरे, संगणकाची तारीख व वेळ तपासावी. आतील लहान बॅटरी संपली असल्यास घड्याळ मागे पडते आणि सुरक्षित जोडणीच होत नाही. त्याच वेळी 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये जाऊन फायरवॉल सुरू असल्याची खात्री करावी. बाहेरून आगंतुकपणे येणाऱ्या जोडण्या ती अडविते.

तिसरे, विजेची सोय पाहावी. अपडेट बसत असताना वीज गेल्यास प्रणाली बिघडू शकते. यूपीएस काही मिनिटेच साथ देतो. म्हणून देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा दिवस टाळावा आणि लॅपटॉप असल्यास बॅटरी भरून घ्यावी.

चौथे, आता घरचे वायफाय किंवा आपल्याच मोबाईलचे इंटरनेट जोडावे. बरेच महिने साचलेली अपडेट्स काही जीबी डेटा घेतात, हे ध्यानात ठेवावे. सेटिंग्जमधील 'विंडोज अपडेट' येथूनच काम करावे आणि तोवर बँक, ईमेल वा अन्य काहीही उघडू नये. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर परत तपासावे, कारण काही अपडेट्स आधीची बसल्यावरच दिसतात. नवीन काही उरले नाही असा संदेश येईपर्यंत हे करीत राहावे. त्यानंतर ब्राउझर व अन्य प्रोग्रामही अद्ययावत करावेत.

'तुमचा संगणक धोक्यात आहे, येथे क्लिक करा' अशी पाटी एखाद्या संकेतस्थळावर झळकली, तर ती अपडेट नव्हे. कंपनीतून बोलत असल्याचे सांगून कोणी फोन केला आणि संगणकाचा ताबा देणारा प्रोग्राम उतरविण्यास सांगितले, तर फोन ठेवून द्यावा. अशा प्रकारात पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

काही संगणकांना मात्र दुरुस्तीच मिळत नाही. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये आणि विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये संपला. विंडोज १० ची नियमित अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट्स देण्याची सोय तेव्हा जाहीर झाली होती. यंत्र सक्षम असल्यास विंडोज ११ घ्यावे. नसल्यास उबंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली जाणकाराकडून बसवून घेता येते. तेही शक्य नसेल, तर तो संगणक इंटरनेटविना केवळ लेखनासाठी ठेवावा, बँकेच्या व्यवहारासाठी मुळीच नव्हे. परवाना नसलेली विंडोजची प्रत बसवून अपडेट बंद करून दिलेले संगणकही अनेक घरांत आहेत. स्वस्तात झालेला तो सौदा पुढे अंगाशी येऊ शकतो.

या सर्व कामास एखादी दुपार पुरते. सुटीत मुले घरी आली की त्यांच्यासोबत बसून ते करावे, आणि आपल्या आईवडिलांनाही समजावून द्यावे. कारण मुले परत गेल्यावर तो संगणक त्यांनाच सांभाळावयाचा असतो.