पायऱ्यांची नोंद ठेवणारा दिग्दर्शक

मुरबाडला रेल्वे नाही आणि शहापूर गाठायचे तर आसनगाव स्थानकावर उतरून पुढे रस्त्यानेच जावे लागते. त्यामुळे ग्रामीण ठाण्यातील अपंग व्यक्तीचे शिक्षण आणि उपचार अनेकदा एसटीच्या उंच पायरीपाशीच अडतात. वाट अडवणाऱ्या अशा पायऱ्यांचा प्रश्न न्यूयॉर्कमधील जेसन दा सिल्वा या माहितीपट दिग्दर्शकाने जगापुढे मांडला.

अमेरिकेत जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या दा सिल्वा यांचे मूळ गोव्याचे. 'ऑलिव्हियाज पझल' हा त्यांचा सुरुवातीचा लघुपट गोवा आणि कॅनडातील दोन मुलींच्या दिनक्रमावर आहे. ऐन पंचविशीत त्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस झाल्याचे निदान झाले. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला चढवते. चालणे अवघड होत गेले, तेव्हा त्यांनी कॅमेरा स्वतःकडे वळवला. त्यातून साकारलेला 'व्हेन आय वॉक' २०१३ मध्ये सनडान्स महोत्सवात झळकला. २०१५ मध्ये त्याला एमी पुरस्कार मिळाला.

कोणत्या दारातून चाकाची खुर्ची आत जाईल, हे घरून निघताना कळत नसे. म्हणून त्यांनी 'एएक्सएस मॅप' हा नकाशा उभारला. त्यावर नागरिकच दुकाने, उपाहारगृहे यांच्या पायऱ्या आणि स्वच्छतागृहे यांची नोंद करतात.

भारतातही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारती आणि वाहतूक सुगम असणे बंधनकारक आहे. मात्र अडथळ्यांची नोंदच नसेल, तर जाब कशाच्या आधारे विचारणार? शहापूर आणि मुरबाडच्या बसस्थानकांपासून अशी नोंद सुरू करायला मोठा निधी लागत नाही. जागरूक नागरिक पुरेसे आहेत.