फायबरच्या होडीतील दोन वलये

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात लाकडी नौकांच्या शेजारी फायबरच्या होड्या नांगरलेल्या दिसतात. परंतु काचतंतूंना एकसंध काया देणारी राळ कोणत्या संयुगांतून घडते आणि कोकणच्या उन्हात तिचे रक्षण कसे होते, हे ज्या जिल्ह्याची उपजीविका या होड्यांवर अवलंबून आहे, तेथे तरी सर्वांस ठाऊक असावयास हवे.

या राळेचे, म्हणजे असंतृप्त पॉलिएस्टरचे, मूळ वलयी ॲनहायड्राइडांत आहे. एका रेणूवरील दोन आम्लगट परस्परांच्या निकट असले, म्हणजे उष्णतेने त्यांतून पाणी निघून जाते आणि ऑक्सिजनच्या सांध्याने पाच अणूंचे वलय पूर्ण होते. मॅलेइक व फ्युमारिक आम्लांचे रेणुसूत्र एकच. तथापि पहिल्याचे आम्लगट द्विबंधाच्या एकाच बाजूस असल्याने त्याचे वलय सहज मिटते, दुसऱ्याचे तसे मिटत नाही. कारखान्यात मात्र ब्युटेन किंवा ऑर्थो-झायलीन यांची वाफ हवेबरोबर व्हॅनेडियमयुक्त उत्प्रेरकावरून नेऊन अनुक्रमे मॅलेइक व थॅलिक ॲनहायड्राइड मिळवितात. ग्लायकोलसह तापविताच ही वलये उघडतात आणि रेणूंची साखळी वाढू लागते. मॅलेइक घटक तीत द्विबंध आणतो, तर थॅलिक घटक त्या द्विबंधांत अंतर राखून ठिसूळपणा आवरतो. ही साखळी स्टायरीनमध्ये विरघळवून, पेरॉक्साइड मिसळून साच्यातील काचतंतूंवर चढविली, की स्टायरीन साखळ्यांना आडवे जोडते आणि पुन्हा न वितळणारे जाळे तयार होते.

या जाळ्याचा शत्रू म्हणजे सूर्यप्रकाशातील २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण. त्यांच्या ऊर्जेने बंध तुटतात, पृष्ठभाग पिवळा पडतो, चकाकी जाते आणि कालांतराने भुकटी सुटू लागते. त्याचा बंदोबस्त म्हणून होडीच्या बाह्य लेपात, ज्यास जेलकोट म्हणतात, अतिनील-शोषक मिसळतात. २-हायड्रॉक्सिबेन्झोफेनोन वर्गातील शोषकांत हायड्रॉक्सिल गटाचा हायड्रोजन शेजारच्या कार्बोनिल ऑक्सिजनशी बांधला जाऊन सहा अणूंचे वलय बनते. किरण शोषताच तो हायड्रोजन ऑक्सिजनकडे सरकतो, लगोलग माघारी येतो आणि मधली ऊर्जा निरुपद्रवी उष्णतेच्या रूपाने विसर्जित होते. रेणू पूर्ववत् झाला, म्हणजे पुढच्या किरणासाठी सिद्ध असतो. एक वलय उघडून पदार्थ घडविते, दुसरे जुळलेले राहून त्याचे रक्षण करते: रेणूतील अणूंच्या रचनेवर त्याचे कर्तृत्व अवलंबून असते, याचे हे उत्तम प्रमाण होय.

शोषकांतील वलयासारखी रचना कोकणच्या काजूतही आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर आणलेल्या या झाडाच्या फळाच्या टरफलांतील दाहक तेल पूर्वी नौकांच्या लाकडास कीड लागू नये म्हणून लावीत. त्यातील ॲनाकार्डिक आम्लात हायड्रॉक्सिल गट आम्लगटाला लागून असतो. ते तापविले, की कार्बन डायऑक्साइड जाऊन कार्डेनॉल उरते. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१९ साली याच तेलातील घटकांपासून अतिनील-शोषक संयुगे तयार केल्याचे प्रसिद्ध केले.

काजूची टरफले येथे मुबलक असताना त्यांस केवळ इंधन समजणे हे आपल्या भूमीच्या संपत्तीस न्याय देणारे नव्हे. या तेलाच्या दाहकतेपासून कामगारांचे रक्षण करूनच ते हाताळावे, हे उघडच आहे. पण रत्नागिरीच्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळांनी त्याच्या घटकांचा नेटाने अभ्यास हाती घेतला, तर खनिज तेलापासून बनणाऱ्या काही शोषकांना या भूमीतच पर्याय शोधता येईल, आणि काजूच्या बागाईतदारास त्याच्या फळाच्या टरफलाचेही योग्य मोल मिळू शकेल.