सिंधुदुर्ग : पाण्याखालचा तट

भिलाईत अभयारण्य म्हटलं की आपल्याला बारनवापारा आठवतं. साग, बांबू, रानगवे. आज ज्या अभयारण्याबद्दल बोलणार आहे ते समुद्रात आहे आणि त्यात एक किल्ला उभा आहे.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या गाभा क्षेत्रात येतो. किल्ला पाहून आलेल्या अनेकांना हे माहीतच नसतं.

शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं. बेटाभोवती पाण्यात बुडालेले खडक आहेत. वाट माहीत नसलेलं मोठं जहाज त्यांवर आपटणार! म्हणजे किल्ल्याचा पहिला तट पाण्याखाली आहे. पायाच्या दगडांत शिसं ओतलं असं सांगतात; आपण पोलादाच्या गावची माणसं, वितळलेला धातू समुद्राकाठी सांभाळणं काय असतं याची कल्पना आपल्याला जरा जास्त येईल. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि शिवराजेश्वराचं मंदिर.

पण मला बोलायचंय त्या खडकांबद्दल. त्यांवर प्रवाळ वाढतात. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, इवल्या प्राण्यांची वसाहत. ते चुन्याचं घर बांधत जातात, आणि काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. हौशी पर्यटक स्नॉर्केलिंग करताना दमला की त्यावरच उभा राहतो. वीस-पंचवीस वर्षांची वाढ एका टाचेखाली मोडते. होडीचा नांगरही तेच करतो. तटाचा चिरा काढायला आपण धजणार नाही, मग हा तट का तुडवायचा? शिवाय प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, तेव्हा तुकडा आठवण म्हणून खिशात घालणं हा गुन्हा आहे.

पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालून तरंगत राहा, पाय खाली टेकू नका. नांगर कुठे टाकणार, हे होडीवाल्याला आधीच विचारा.

जायचं कसं? दुर्गहून मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ, पुढे तीसेक किलोमीटरवर मालवण. पावसाळ्यात होड्या बंद असतात. हिवाळ्यात जा, पाणी नितळ असतं. आणि किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा चुकवू नका. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तिथे झाली होती.