फवारणीचं विष आणि चिकटलेलं फॉस्फेट

फवारताना विष चढलेल्या दोघांना सारखंच इंजेक्शन दिलं, तरी एक वाचतो आणि दुसरा का दगावतो? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारणारे शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो जण दवाखान्यात पडले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. तेव्हापासून हा प्रश्न दर हंगामात कोणीतरी विचारतंच. उत्तराचा मोठा भाग फॉस्फोरिलेशनमध्ये, म्हणजे फॉस्फेट चिकटण्यात आहे.

एरवी पेशीचा कारभारच त्यावर चालतो. काइनेज विकरं प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतात, फॉस्फेटेज ते काढतात. ओलित करणारा माणूस चिखलाचा गोळा टाकून एक दांड बंद करतो, थोड्या वेळानं तोच फोडून पाणी सोडतो, तसं. स्नायूंत साठवलेली साखर याच उघडझापीनं सुटते, हे फिशर आणि क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास दाखवलं. नोबेल मिळायला १९९२ उजाडलं!

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही फवारणीची औषधंही फॉस्फेटच चिकटवतात, पण भलत्या जागी. मज्जातंतूनं स्नायूला धाडलेला निरोप पुसणारं एक विकर असतं, नेमकं ते जखडतं. निरोप साचत जातात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम थांबत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हा गोळा झटपट फोडणारं विकर शरीराकडे नाही. अॅट्रोपिन लाळ-घाम आवरतं, फॉस्फेटला हात लावत नाही. ते उखडतं 'पाम', म्हणजे प्रॅलिडॉक्झिम. अमेरिकेत आयर्विन विल्सन यांनी ते पुढे आणलं, तेही १९५५ मध्येच.

पण वेळ गेला की चिकटलेल्या फॉस्फेटचा एक तुकडा गळतो आणि चिखलाची वीट होते. मग पामचंही काही चालत नाही. मोनोक्रोटोफॉसच्या बाबतीत हे काही तासांत घडतं, क्लोरपायरिफॉसच्या बाबतीत दिवस-दीड दिवस मिळतो. कोणतं औषध, किती अंगात गेलं आणि गावातून निघायला किती उशीर झाला, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

इथं बारामतीच्या डॉ. कीर्ती पवार यांचं नाव घ्यायलाच हवं. आपल्याकडे ते फारसं कुणाला ठाऊक नाही. पाम किती द्यावं, याची त्यांनी चाचणी घेतली: २०० रुग्णांपैकी निम्म्यांना दर चार तासांनी १ ग्रॅम पाम, उरलेल्यांना दर तासाला १ ग्रॅम असं ४८ तास सलग. पहिल्या गटात ८ दगावले, दुसऱ्यात १. 'लॅन्सेट'नं २००६ मध्ये हे छापलं. मात्र २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत पामचा फायदा दिसला नाही. तिथले रुग्ण मुख्यतः विष प्यायलेले होते, पण बारामतीचेही बहुतेक तसेच. तेव्हा वाद मिटलेला नाही, आणि पामला रामबाण म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

शिवाय यवतमाळच्या वेळी चर्चेत आलेलं डायफेन्थियुरॉन हे औषध मोनोक्रोटोफॉसच्या गटातलंच नाही. ते मायटोकॉन्ड्रियात एडीपीला फॉस्फेट जोडून एटीपी करणारं यंत्र बंद पाडतं. त्यावर ना अॅट्रोपिन उतारा, ना पाम. एकाच पंपात दोन-तीन औषधं कालवली असतील, तर सोबत आणलेल्या बाटल्या पाहिल्याशिवाय डॉक्टरांना ते कळणार कसं?